सुरक्षित रक्ताचे अर्थशास्त्र

मे २०२२ मध्ये नागपुरातून आलेल्या एका बातमीने काही दिवस वृत्तपत्रांची पाने व्यापली होती. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराने ग्रस्त असलेल्या चार मुलांना एच.आय.व्ही.ची बाधा झाल्याचे आणि त्यांपैकी एक मूल दगावल्याचे आरोग्य विभागाच्या अधिकाऱ्यांनी त्या वेळी सांगितले. ज्या रक्ताच्या आधारावर ही मुले जगत होती, त्याच रक्तातून विषाणू त्यांच्या शरीरात शिरला, असे त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांचे म्हणणे होते. चौकशी जाहीर झाली, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्य शासनाला नोटीस बजावली, संताप व्यक्त झाला आणि यथावकाश विषय मागे पडला. ऑक्टोबर २०२५ मध्ये झारखंडातील चाईबासा येथून तशीच बातमी आली. तेथेही थॅलेसेमियाग्रस्त मुलेच होती आणि तेथेही संशय रक्तावरच होता.

अशा प्रसंगी ‘दोषी कोण’ हा प्रश्न स्वाभाविकपणे प्रथम विचारला जातो. तो विचारलाच पाहिजे. परंतु एखादा तंत्रज्ञ निलंबित झाला किंवा एखाद्या रक्तपेढीचा परवाना रद्द झाला, म्हणजे पुढची बाटली निर्धोक झाली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. प्रत्येक कर्मचाऱ्याने नियमाप्रमाणे काम केले, प्रत्येक चाचणी यथासांग झाली, तरीही दूषित रक्त रुग्णापर्यंत पोहोचू शकते. ही गोष्ट वैद्यकशास्त्र जाणते, पण समाज अद्याप पुरती जाणत नाही. आपल्या रक्तसंकलनाची जी सर्वमान्य पद्धत आहे, तिचा विचार या अंगाने करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

प्रथम चाचण्यांविषयी. भारतात एच.आय.व्ही.ची बाधा प्रथम १९८६ साली चेन्नईत, म्हणजे त्या वेळच्या मद्रासमध्ये, आढळली आणि १९८९ पासून दात्याच्या रक्ताची त्या विषाणूसाठी तपासणी सक्तीची झाली. आज प्रत्येक पिशवीची एच.आय.व्ही., ब आणि क प्रकारची विषाणूजन्य कावीळ, सिफिलिस आणि हिवताप अशा पाच रोगांसाठी तपासणी करावी लागते. यांपैकी पहिले तीन विषाणूंचे रोग आहेत, आणि खरी अडचण तेथेच उद्भवते. विषाणू शरीरात शिरल्यानंतर त्याची खूण सामान्य चाचणीत दिसू लागण्यास काही काळ जावा लागतो. प्रचलित एलायझा चाचणी मुख्यतः शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. ती तयार होण्यास एच.आय.व्ही.च्या बाबतीत सुमारे तीन आठवडे, तर क प्रकारच्या काविळीत दोन महिन्यांपर्यंत अवधी लागतो. या मुदतीला डॉक्टर मंडळी ‘विंडो पिरियड’ म्हणतात. या काळात दाता धडधाकट दिसतो, त्याचा अहवाल निर्दोष येतो, आणि तरीही त्याच्या रक्तात विषाणू असतो.

‘नॅट’ या नावाने ओळखली जाणारी चाचणी प्रतिपिंडांची वाट पाहत नाही. ती विषाणूच्या जनुकीय द्रव्याचाच शोध घेते. त्यामुळे क प्रकारच्या काविळीत दोन महिन्यांचा अवधी काही दिवसांवर येतो आणि एच.आय.व्ही.च्या बाबतीतही तो बराच घटतो. तो शून्यावर मात्र येत नाही, हे ध्यानात ठेवावे. नागपूरचे प्रकरण घडले तेव्हा सक्तीच्या चाचण्यांत नॅटचा समावेश नव्हता. ज्या रक्तपेढीला परवडेल तिने ती करावी आणि ज्या रुग्णाला परवडेल त्याने तिचे वेगळे पैसे मोजावेत, असाच सर्वसाधारण व्यवहार होता.

आता जोखमीचा थोडा हिशेब मांडू. पुढील आकडे प्रत्यक्षातले नाहीत. केवळ तत्त्व स्पष्ट व्हावे म्हणून ते गृहीत धरले आहेत. समजा, सर्व चाचण्या होऊनही पाच हजार पिशव्यांमागे एक पिशवी दूषित राहते. अपघातात सापडलेल्या माणसाला आयुष्यात एकदा दोन पिशव्या रक्त लागले, तर त्याला बाधा होण्याची शक्यता अडीच हजारांत एक. एवढी जोखीम जीव वाचविण्यासाठी कोणीही पत्करील. परंतु थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. वर्षाला पंचवीस पिशव्या धरल्या, तर वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत पाचशे पिशव्या होतात. पाच हजारांत एक ही जोखीम पाचशे वेळा पत्करली, म्हणजे दहा मुलांपैकी जवळजवळ एका मुलाला बाधा होणार. जी व्यवस्था सर्वसामान्य रुग्णाला पुरेशी सुरक्षित वाटते, तीच या मुलांना सोडतीच्या चक्रासारखी ठरते. त्या चक्रापुढे त्यांना दर महिन्याला उभे राहावे लागते. सिकलसेलच्या ज्या रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यांचीही गत याहून निराळी नाही. विदर्भात सिकलसेल किती घरांत आहे, हे येथील शिक्षकांना आणि आरोग्यसेवकांना सांगण्याची गरज नाही.

जोखीम अशी गुणाकाराने वाढत असेल, तर ती कमी करण्याचे मार्ग दोन. एक, चाचणी अधिक बारीक करणे. आणि दुसरा, मुळात पिशवीत येणारे रक्तच अधिक निर्धोक असेल असे पाहणे. पहिला मार्ग सर्वांच्या नजरेत भरतो, कारण तेथे यंत्र आहे, निविदा आहे, उद्घाटन आहे. दुसऱ्या मार्गाकडे आपण जवळजवळ पाठ फिरवली आहे. आणि तोच मार्ग कळमेश्वरसारख्या गावाच्या हातात आहे.

रक्त ही अर्थशास्त्राच्या दृष्टीने मोठी विलक्षण वस्तू आहे. संत्री घेणारा ग्राहक फळ हातात घेऊन पारखतो. फसला तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानात जातो. रक्त घेणाऱ्याला यांतले काहीच शक्य नसते. मालाच्या प्रतीची खरी माहिती फक्त देणाऱ्याजवळ असते. आपण अलीकडे कोठे सुई टोचून घेतली, कोणते संबंध ठेवले, कधी कावीळ झाली, हे तोच जाणतो. त्याने खरे सांगितले तर चाचणीच्या आधीच धोका टळतो. त्याने लपविले तर चाचणीवर सारा भार पडतो. म्हणून रक्ताच्या सुरक्षिततेचा पाया दात्याचा खरेपणा हा होय. आणि दाता कोणत्या परिस्थितीत खरे बोलेल, हा नीतीइतकाच अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे.

हा मुद्दा ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या ग्रंथात मांडला. ब्रिटनमध्ये रक्त स्वेच्छेने व विनामूल्य दिले जात होते, तर अमेरिकेत त्याचा मोठा भाग पैसे देऊन घेतला जात होता. पैशासाठी रक्त देणारा आपला रोग लपवितो आणि म्हणून विकतच्या रक्तातून काविळीचा प्रसार अधिक होतो, असे त्यांनी दाखविले. केनेथ ॲरो यांच्यासारख्या थोर अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली त्यांच्या काही निष्कर्षांवर शंका घेतल्या. बाजार असल्याने दान करणाऱ्याचे स्वातंत्र्य कसे कमी होते, हा ॲरो यांचा प्रश्न आजही विद्यार्थ्यांना विचारात पाडतो. परंतु पैशाच्या लोभाने माहिती दडपली जाते, हा टिटमस यांचा मूळ मुद्दा काळाच्या कसोटीस उतरला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली सर्व देशांना विनामूल्य ऐच्छिक रक्तदानाचा पुरस्कार करण्याचे आवाहन केले. खुद्द ब्रिटनने पुढे रक्तस्रावाच्या रुग्णांसाठी अमेरिकेतून रक्तापासून बनविलेली औषधे आणली. त्यांसाठी लागणारे रक्त पैसे घेणाऱ्या दात्यांचे, काही तर तुरुंगातल्या कैद्यांचे होते. मे २०२४ मध्ये तेथील चौकशी आयोगाने अहवाल दिला, तेव्हा दूषित रक्तामुळे व अशा औषधांमुळे तीस हजारांहून अधिक माणसे बाधित झाल्याचे नमूद झाले. ऐच्छिक रक्तदानाचा आदर्श म्हणून ज्या देशाकडे बोट दाखविले गेले, त्यालाच तो आदर्श सोडण्याची किंमत अशी मोजावी लागली.

आपल्याकडे रक्त विकणाऱ्यांचा धंदा उघडपणे चालत असे. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निर्णय दिला. त्यानंतर १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदात्यांवर बंदी आली आणि केंद्रात व राज्यांत रक्तसंक्रमण परिषदा स्थापन झाल्या. हे पाऊल ऐतिहासिक होते, यात शंका नाही. परंतु बाजार दाराने बाहेर घालविला की तो पुष्कळदा खिडकीने आत येतो. आपल्याकडे तो ‘बदली रक्त’ या सोज्ज्वळ नावाने आला.

ही पद्धत कळमेश्वरच्या माणसाला चांगली परिचयाची आहे. औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराचा हात यंत्रात सापडतो, काटोल मार्गावर दुचाकीला अपघात होतो, खेड्यातून आलेल्या बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाही. गंभीर रुग्णाची वाट अखेर नागपूरच्या मेडिकलकडे, मेयोकडे किंवा एखाद्या खाजगी इस्पितळाकडे जाते. तेथे नातेवाइकांना सांगण्यात येते, ‘दोन माणसे घेऊन या.’ मग फोन फिरतात. चुलतभाऊ येतो, पाळीवरून सुटलेला सोबती येतो, शेजारचा तरुण येतो. त्यांच्यापुढे प्रश्नावली ठेवली जाते. परंतु बाहेर बाकावर मोठे काका बसलेले असतात, आत रुग्ण तळमळत असतो. अशा वेळी ‘मी रक्त देणे योग्य होणार नाही’ असे म्हणण्याचे धैर्य किती जणांना होईल? त्याने नकार दिला तर नातलगांत बदनामी, आणि कारण सांगितले तर त्याहून मोठी बदनामी. तो मुकाट्याने ‘नाही, नाही, नाही’ अशा खुणा करतो आणि हात पुढे करतो. ज्याला माणसे मिळत नाहीत, तो इस्पितळाच्या फाटकाशी घुटमळणाऱ्या दलालाला गाठतो आणि विकतचा ‘नातेवाईक’ उभा करतो. पहिल्या प्रकारात भिडेने, दुसऱ्यात पैशाने, सत्य दडपले जाते. परिणाम एकच.

याउलट जो दाता वर्षानुवर्षे स्वखुशीने येतो, त्याच्यावर कोणाचे दडपण नसते. त्याची प्रत्येक खेपेला तपासणी होते, त्याची नोंद असते, प्रश्नावलीचा अर्थ त्याला कळलेला असतो. या वेळी आपण थांबलेले बरे, असे वाटल्यास तो कोणाला उत्तर देणे लागत नाही. जगातील रक्तसेवांचा अनुभव हेच सांगतो की नियमित ऐच्छिक दात्याचे रक्त हे सर्वांत निर्धोक रक्त होय.

येथे कोणी म्हणेल, रक्तदानात महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे. जयंती असो, वाढदिवस असो, शिबिर ठरलेलेच असते. हे खरे आहे, आणि या उत्साहाला हिणविण्याचे कारण नाही. परंतु शिबिराची आपली पद्धत जत्रेसारखी झाली आहे. एका दिवसात शेकडो पिशव्या, छायाचित्रे, विक्रमाची घोषणा, आणि दात्याला हेल्मेट, डबा किंवा प्रवासी पिशवी. लालपेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि बिंबाणिका अवघे पाच दिवस. म्हणजे एका आठवड्यात रक्ताचा महापूर आणि पुढच्या महिन्यात दुष्काळ. विदर्भाच्या उन्हाळ्यात महाविद्यालये बंद होतात, शिबिरे आटतात, आणि थॅलेसेमियाच्या मुलाची तारीख मात्र चुकत नाही. मग पुन्हा ‘दोन माणसे घेऊन या’. भेटवस्तूचे म्हणाल, तर ती जितकी मोलाची, तितकी ती किमतीच्या जवळ जाते आणि दात्याला काही लपविण्याचा मोह तितका अधिक.

एक आणखी घातक समज सुशिक्षितांतही आढळतो. ‘रक्त दिले की एच.आय.व्ही.ची चाचणी आपोआप होते’ म्हणून मनात शंका असलेला तरुण शिबिरात जातो. शंका ताजी असेल तर तो नेमका विंडो पिरियडमध्येच असण्याचा संभव, आणि त्याचा अहवाल निर्दोष येऊन रक्त पुढे जाण्याचा धोका. शासकीय रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही चाचणी विनामूल्य होते आणि नाव गुप्त राखले जाते. स्वतःच्या शंकेसाठी तेथे जावे. शिबिरात जाऊ नये. एवढे एक वाक्य प्रत्येक शिबिराच्या फलकावर लिहिले, तरी काही पिशव्या वाचतील.

आता खर्चाकडे वळू. नॅट महाग आहे, गरीब राज्याने प्रत्येक पिशवीवर एवढा खर्च का करावा, हा आक्षेप अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने तरी हसण्यावारी नेऊ नये. आरोग्याचा रुपया मर्यादित आहे; तो चाचणीवर गेला तर लसीवर कमी पडेल. परंतु हिशेब पुरा मांडला पाहिजे. बाधा झालेल्या मुलाला आयुष्यभर औषधे द्यावी लागतात आणि ती शासनच विनामूल्य देते. क प्रकारची कावीळ आता साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरी होते आणि जुलै २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे औषधही शासनच पुरविते. म्हणजे चाचणीत वाचविलेला पैसा औषधात जातोच. शिवाय मुलाचे बालपण जाते, ते कोणत्याच खात्यात जमा धरता येत नाही. दुसरे असे की, प्रत्येक लहान रक्तपेढीने स्वतंत्र यंत्र घ्यावे, असे कोणी म्हणत नाही. जिल्ह्यातील सर्व पेढ्यांचे नमुने एका मध्यवर्ती प्रयोगशाळेत आणून, काही नमुने एकत्र करून तपासता येतात, आणि मग दर पिशवीमागचा खर्च उतरतो. सर्वांसाठी एकदम जमत नसेल, तर ज्यांना वारंवार रक्त लागते त्यांच्या वाट्याच्या पिशव्यांपासून आरंभ करावा आणि तो खर्च शासनाने उचलावा. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया यांना २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाच्या यादीत स्थान दिले आहे. त्या कायद्याला काही अर्थ असेल, तर निर्धोक रक्त ही या मुलांच्या बापाच्या ऐपतीची बाब राहता कामा नये.

परंतु शासन नॅट आणेपर्यंत, आणि ती आल्यानंतरही, पिशवीत काय येते याची जबाबदारी समाजावरच राहील. माहिती अधिकारात बाहेर आलेल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या आकड्यांनुसार, ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१६ या काळात देशात २,२३४ जणांनी आपल्याला रक्तातून बाधा झाल्याचे सांगितले, त्यांपैकी २७६ महाराष्ट्रातील होते. हे रुग्णांनी सांगितलेले कारण आहे, प्रत्येक प्रकरण सिद्ध झालेले नाही, हे मान्य. तरीही पाचही चाचण्या सक्तीच्या असलेल्या देशातली ही संख्या आहे, हे विसरता येणार नाही.

म्हणून कळमेश्वरपुरती एक सूचना मांडावीशी वाटते. अठरा ते पासष्ट वयाच्या, किमान पंचेचाळीस किलो वजनाच्या निरोगी पुरुषाला दर तीन महिन्यांनी आणि स्त्रीला दर चार महिन्यांनी रक्त देता येते. प्रत्येकाने वर्षातून तीनदा दिले असे धरले, तर नऊ दात्यांकडून सत्तावीस पिशव्या मिळतात. एका थॅलेसेमियाग्रस्त मुलाची जवळजवळ वर्षाची गरज! त्याच रक्तगटाचे नऊ नियमित दाते एका मुलामागे उभे राहिले, तर पंचवीस अनोळखी माणसांच्या रक्ताऐवजी त्याच्या शरीरात नऊ परिचित, पुन्हा पुन्हा तपासलेल्या माणसांचे रक्त जाईल. केवळ या फेरमांडणीने त्याची जोखीम कितीतरी घटेल, आणि तिला यंत्र लागत नाही, निविदा लागत नाही.

औद्योगिक वसाहतीतील कामगार, नगरपरिषदेचे व तहसीलचे कर्मचारी, शिक्षक आणि महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी मिळून तीनशे नियमित दात्यांची नोंदवही करणे अवघड नाही. त्यांना बारा महिन्यांत विभागावे. दर महिन्याला पंचाहत्तर जणांची पाळी लावावी आणि परवानाधारक रक्तपेढीशी आधी ठरवून घ्यावे. वर्षाला नऊशे पिशव्या, म्हणजे तेहतीस-चौतीस मुलांची सोय होईल. उन्हाळ्याच्या पाळ्या विद्यार्थ्यांवर न ठेवता नोकरदारांवर ठेवाव्यात. भेटवस्तू देऊ नये, चहा-बिस्किटे पुरेत. ज्याला एखाद्या पाळीला थांबावेसे वाटेल, त्याला कारण विचारू नये. हा शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा.

शिक्षकवर्गाकडे आणखी एक काम येते. हा विषाणू शेजारी बसल्याने, एका डब्यातून खाल्ल्याने किंवा खेळल्याने पसरत नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या कायद्याने बाधित व्यक्तीला शाळेतून वा नोकरीतून दूर ठेवण्यास मनाई केली आहे. ज्या मुलांना समाजाच्या रक्तातून रोग मिळाला, त्यांना समाजाच्या बाकावर जागा नाकारणे यासारखे दुसरे क्रौर्य नाही. आणि बदनामीची भीती जितकी कमी होईल, तितके प्रश्नावलीवर खरे उत्तर लिहिणारे हात वाढतील. करुणा आणि सुरक्षितता या येथे एकाच हिशेबातल्या दोन नोंदी आहेत.

नागपूरच्या त्या चार मुलांना कोणाचे रक्त दिले गेले, हे आपल्याला कधी कळणार नाही. तो दाता बहुधा वाईट माणूस नसेल. कोणाच्या तरी भिडेखातर, कोणाच्या तरी अडचणीसाठी तो आला असेल. त्याला ‘नाही’ म्हणता येईल अशी व्यवस्था आपण उभी केली नव्हती. ती उभी करणे हे काम दिल्लीचे नाही, मुंबईचेही नाही. नऊ माणसे जमली की ते सुरू होते.